टेबलासकट खाली

बूट्स रायलीचा ‘सॉरी टू बॉदर यू’ बघायला बसलो तेव्हा एवढंच माहीत होतं, की ओकलंडच्या ‘द कूप’ या रॅप-गटाच्या म्होरक्याचा हा पहिलाच सिनेमा आहे आणि त्यात कॉल सेंटर आहे. मला दुसरं कारण पुरेसं होतं. हिंजवडीत रात्रपाळीला ‘सॅम’ या नावानं मी अमेरिकेतल्या घरांत फोनचे प्लॅन विकलेत. सोबत फ्लोअरवरचा जुना मित्र होता. तो ‘केविन’.

नायक कॅशियस ग्रीन हेडसेट चढवतो, नंबर लागतो आणि गडी टेबल-कॉम्प्युटरसकट धाडकन खाली, समोरच्याच्या घरात जाऊन आदळतो. घरचे जेवताहेत आणि हा तिथे बसून स्क्रिप्ट वाचतोय. केविन हसून लोळला. मला त्यात अतर्क्य काहीच दिसेना. आमचा डायलर नेमका त्यांच्या जेवणाच्या वेळेला नंबर लावायचा. पलीकडून ताटल्यांचा आवाज यायचा, पोराचं रडणं यायचं. इकडे आम्ही पहाटे एसीत कुडकुडत. पुढे एक बाई कॅशियसला नवऱ्याच्या कॅन्सरबद्दल सांगते, तरी स्क्रिप्ट सोडायची नाही. आमच्याकडे याला ‘रिबटल’ म्हणत. ‘नको’ म्हटल्यावर तीन रिबटल न देता फोन ठेवला, की क्वालिटीवाले मार्क कापत.

मग शेजारच्या खुर्चीतला म्हातारा, म्हणजे डॅनी ग्लव्हर, कॅशियसला सल्ला देतो: गोऱ्यांच्या आवाजात बोल. हा प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा बघितला. म्हातारा म्हणतो, प्रश्न नाकात बोलण्याचा नाहीच. बिलं भरलीत, नोकरी जाण्याची धास्ती नाही, असं निवांत बोलायचं. आमच्या ट्रेनिंगमध्ये ‘व्ही’ म्हणताना खालचा ओठ दाताखाली घ्या, ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू करा, ‘पी’ म्हणताना तोंडासमोर धरलेला कागद हलला पाहिजे, हे घोटून घेतलं होतं. जीभ वळली. निवांतपणा कुठून आणायचा? ज्यांचे सेल खरोखर व्हायचे ते बहुतेक घरचे बरे, पॉकेटमनीसाठी आलेले. त्यांचे उच्चार आमच्याहून वाईट असत. आम्ही त्याला नशीब म्हणायचो.

कॅशियसचा तो आवाज डेव्हिड क्रॉस या गोऱ्या नटाचा आहे. लेकीथ स्टॅनफिल्डच्या तोंडावर तो उघडउघड चिकटवलेला वाटतो आणि तसाच वाटायला हवा. रायलीनं स्वतः टेलिमार्केटिंग केलंय, हे लपत नाही. पटकथा २०१४ मध्येच पुस्तकरूपानं आली होती. सिनेमा यायला २०१८ उजाडलं.

उत्तरार्धात गर्दी फार. जन्मभराच्या करारावर माणसं राबवणारी कंपनी, तिचा कोकेन ओढणारा मालक, संप आणि वर जास्त राबता यावं म्हणून अर्धे घोडे केलेले कामगार.

“इथवर ठीक होतं रे, घोडे कशाला?” केविन वैतागला.

मला घोडे पटले. टार्गेट वाढवत नेणाऱ्याला पुढे हेच सुचणार. अडलो ते संपापाशी. सगळे एकदम फोन खाली ठेवतात! आमच्याकडे युनियन हा शब्द कुणी काढत नसे. टीम लीडरनं पिझ्झा मागवला की कुरबूर संपायची.

“आपण ठेवले असते तर?” मी विचारलं.

“कॅब बंद. हिंजवडी ते कोथरूड चालत.” एवढं बोलून तो हिशेबाला लागला: सोनेरी लिफ्टनं वरच्या मजल्यावर जाणाऱ्या कॅशियसला इन्सेन्टिव्ह किती बसत असेल.