नेलपॉलिशचा डाग अन् माझी घाई



आज पिकावर नाही, घरातल्या पेटीवर लिहितोय. पण फवारणी करणाऱ्यानंही वाचावं.

आमच्या वडिलांची सागवानी पेटी. बांधावरचा साग तोडून गावच्या सुताराकडून करून घेतलेली, वर लाखेचं पॉलिश. सातबारा, खरेदीखत, सगळी कागदपत्रं तिच्यातच. मागच्या महिन्यात लेक माहेरी आली. नखं रंगवताना बाटली कलंडली, झाकणावर लाल ओघळ. पोरगी घाबरली. मी आवाज चढवला, अन् तिच्याच बॅगेतलं रिमूव्हर चिंधीवर ओतून घासायला लागलो.

डाग जायचा राहिला, पसरला. खालचं पॉलिशही निघून आलं. तळहाताएवढा पांढुरका पट्टा पडला.

सुतारकाका बघून म्हणाले, "खाली काय आहे ते न बघताच औषध मारलंस होय?"

शब्द लागला. पिकाला नवीन औषध मारताना मी आधी चार झाडांवर मारून बघतो. इथं अक्कल कुठं गेली होती?

रिमूव्हरमध्ये बहुतेक ॲसिटोन असतं. ते नेलपॉलिश विरघळवतं, तसं लाकडावरचं लाखेचं पॉलिशही सोडवतं. स्पिरिट तर नकोच. लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच हे पॉलिश बनतं. (लाख म्हणजे आपल्या पळस-बोरीवरच्या किड्याचा स्राव.)

बाजूच्या फळीवर दोन थेंब वाळले होते. ते काकांनी सांगितलं तसे काढले:

१. डाग ओला असेल तर पुसू नका, कागदानं अलगद टिपा.
२. वाळला असेल तर जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेनं हळूहळू उचला. ब्लेड नको.
३. उरलेल्या पापुद्र्यावर ०००० नंबरची स्टील वूल मेणात बुडवून, रेषेच्या दिशेनं, हलक्या हातानं.
४. शेवटी मऊ कापडानं मेण पुसा.

अर्धा तास लागला. थेंब गेले, पॉलिश जागेवर.

कोऱ्या, बिनपॉलिशच्या लाकडावर ॲसिटोन चालतं. तरी आधी लपलेल्या कोपऱ्यावर थेंबभर लावून बघा. अन् चुलीजवळ, बिडीजवळ अजिबात नको, भडका उडतो.

झाकणाला काका दिवाळीआधी नवीन पॉलिश करून देणार आहेत. जाताना लेक हसून म्हणाली, "बाबा, डाग माझा होता, पट्टा तुमचा." खरंय. आवाज चढवला त्याबद्दल तिला एसटीत बसवताना बोललो. ते आधीच बोलायला हवं होतं.