कॅबिनेटची निवड

'कॅबिनेट' म्हटले की मंत्रिमंडळ आठवावे, त्याची निवड दिल्लीत नाहीतर बेंगळूरात व्हावी आणि आपण ती वर्तमानपत्रात वाचून मते मांडावीत, एवढाच सामान्य माणसाचा त्या शब्दाशी संबंध. परंतु संगणकाच्या दुकानातही कॅबिनेट असते. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, पंखे, डिस्क अशी सारी मंडळी ज्या पत्र्याच्या पेटीत नांदतात, ती पेटी. नंदिगड्डे गावातल्या आमच्या घरासाठी असे एक कॅबिनेट निवडण्याची जबाबदारी गेल्या उन्हाळ्यात माझ्यावर येऊन पडली, आणि मंत्रिमंडळ बनवणाऱ्यांविषयी मला प्रथमच सहानुभूती वाटली!

कारण असे घडले. आमच्या घरात जुन्या सुप्याची दहा-बारा छायाचित्रे आहेत. काळी नदीवरचे सुपा धरण १९८७ साली पूर्ण झाले. ते गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. आमच्या पिढीने सुपे पाहिले ते या छायाचित्रांतच. त्यांच्या कडांना आता बुरशी धरू लागली आहे. शिवाय आजीच्या जात्यावरच्या ओव्या काकांच्या फोनमध्ये आहेत आणि तो फोन दोनदा बंद पडून पुन्हा जिवंत झालेला आहे. ज्या गावाला एकदा पाण्याने गिळले, त्याच्या चित्रांना दुसऱ्यांदा ओलीने गिळू द्यायचे नाही, असे घरात ठरले. छायाचित्रे स्कॅन करायची, ओव्या उतरवून घ्यायच्या आणि हे सारे घरातल्याच एका सर्व्हरवर ठेवायचे. म्हणजे वायफायवरून घरातल्या प्रत्येकाला ते पाहता-ऐकता येईल. इंटरनेटवर का नाही, असे विचारणाऱ्याने जुलै महिन्यात आमच्याकडे एकदा रेंज शोधायला यावे.

हुबळीच्या दुकानात गेलो तर समोर काचेच्या भिंतींची आणि रंगीबेरंगी दिव्यांची कॅबिनेटे मांडलेली. लग्नाच्या मांडवात ठेवावीत अशी! आत डोकावले तर डिस्क ठेवायला जागा जेमतेम दोन. हल्ली बहुतेकांची साठवण मदरबोर्डवरच बसणाऱ्या बोटभर पट्टीवर भागते, तेव्हा मोठ्या साडेतीन इंची डिस्कसाठी कोण जागा सोडणार? दुसरा पर्याय होता चिमुकल्या पेट्यांचा. सतरा सेंटीमीटर लांबीरुंदीचा मदरबोर्ड, चार डिस्क एकमेकींना खेटून, दिसायला मोठे गोजिरवाणे प्रकरण. पण त्यात पॉवर सप्लायही खास छोट्या आकाराचा लागतो. ऐन आषाढात तो जळाला तर दुसरा आणायचा कुठून? साध्या आकाराचा निदान दांडेलीत तरी मिळण्याची आशा असते.

खरा पेच मात्र निराळाच होता. डिस्क चालताना तापते. तिला वारा हवा, म्हणजे पेटीला भोके हवीत. आणि आमच्याकडे भोक दिसले की त्यात कोणी ना कोणी बिऱ्हाड करतेच. मुंग्यांना ऊब आवडते. पालीला मुंग्या आवडतात. कुंभारमाशी तर खिडकीच्या कडीच्या भोकातही मातीचे घर बांधते. बरे, पेटी घट्ट बंद करावी, तर आतली मंडळी उकडून निघणार. त्यात आणखी एक गंमत मला नव्यानेच कळली. साध्या डिस्कलाही स्वतःचे एक बारीक, गाळणी लावलेले छिद्र असते. आतबाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून ती त्यातून श्वास घेते. हेलियम वायू भरलेल्या डिस्क तेवढ्या पूर्ण बंद असतात, पण त्या आमच्या खिशाला परवडत नाहीत.

आजी माझी ही खटपट पाहत होती. तिने विचारले, "कणगी कसली रे शोधतोस इतके दिवस?" मी म्हटले, "आजी, तुझ्या ओव्यांची." तिला ते पटले असावे, कारण लगेच तिने सल्ला दिला, "मग उंदराचं बघ आधी."

अखेर एका बंद पडलेल्या सायबर कॅफेचे जुने उभे कॅबिनेट मिळाले. जाड पत्र्याचे, रंग उडालेले, उचलताना कंबर सांभाळावी असे. पुढच्या बाजूला सीडी ड्राइव्हसाठी तीन रुंद कप्पे आणि खाली डिस्कचे चार. सीडी कोणी वापरीत नाही, तेव्हा त्या रुंद कप्प्यांची तोंडे वाऱ्यासाठी मोकळी झाली. पुढे १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत ओढणारे आणि मागे एकच बाहेर टाकणारा, अशी योजना केली. यातली खुबी अशी, की आत येणारी हवा जास्त असली म्हणजे पेटीच्या फटीफटीतून वारा बाहेरच वाहतो. धूळ आत शिरायची ती पुढच्या गाळणीतूनच, आणि गाळणी धुता येते. त्यावर तारेची बारीक जाळी ठोकली. मागच्या पंख्यालाही तीच. वायरींच्या भोकाला रबर बसवले, ते आजीच्या उंदरासाठी. डिस्कच्या स्क्रूखालीही रबराच्या चकत्या घातल्या, कारण जुना पत्रा डिस्कच्या घरघरीला फार मोठ्याने साथ देतो.

ओलीवर उपाय असा निघाला, की पेटी चालू राहिली तर आतली ऊबच तिला कोरडी ठेवते. संकट ती बंद असतानाचे. ज्या नदीच्या पाण्यावर वीज तयार होते, तिच्याच खोऱ्यात आम्ही वीज येण्याची वाट पाहत बसतो, हा विनोद इकडच्या वाचकांना समजावून सांगायला नको. म्हणून यूपीएस घेतला आणि भिंतीच्या अर्थिंगची नीट तपासणी करून घेतली.

आता ते कॅबिनेट माजघरात, जमिनीपासून हातभर उंच फळीवर उभे आहे. दोन डिस्कवर तेच ते सारे दोनदा उतरते. तिसरी प्रत एका सुट्या डिस्कवर घेऊन बेळगावला आत्याकडे ठेवली आहे, कारण वीज कोसळली तर ती दोन्ही डिस्क एकदमच नेईल. डिस्कचे तापमान मे महिन्यात दुपारी ४३ अंशांवर गेले होते, पावसात ते ३५च्या आसपास असते. जाळीवर एका कुंभारमाशीने दोनदा माती आणून पाहिली. आजीच्या सतरा ओव्या चढवून झाल्या आहेत. उरलेल्या ती म्हणते थंडीत गाईन, सध्या खोकला आहे.