वडिलांचा व्यवसाय

कॅम्पस प्लेसमेंटच्या फॉर्ममध्ये 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. मी लिहिलं, 'फूड बिझनेस'. तसं खोटं नव्हतं. पप्पांची हडपसरला वडापावची गाडी आहे.

त्याच वर्षी, 24 ऑक्टोबर 2019 ला, विधानसभेचे निकाल लागले. 288 आमदारांत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा एकच होता, डहाणूचे विनोद निकोले. पैशांअभावी शिक्षण सुटलं, तेव्हा त्यांनी डहाणूत वडापाव विकला होता. पुढे ते पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात मालमत्ता दाखवली होती जेमतेम पन्नास हजारांच्या आसपास.

मी धावत गाडीवर गेलो आणि पप्पांना बातमी वाचून दाखवली. कढईत घाणा होता. झारा न थांबवता ते म्हणाले, "वडे विकून कुणी आमदार होत नाही रे. मागं माणसं लागतात."

तेव्हा मला ते निराश बोलणं वाटलं. नंतर डहाणूबद्दल वाचत गेलो. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या गोदावरी परुळेकर 1945 मध्ये त्या भागात गेल्या आणि वारली शेतमजुरांसोबत जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिल्या. म्हणजे निकोलेंच्या मागची माणसं सत्तर-पंचाहत्तर वर्षांपासून जमत होती. बातमीत मात्र वडापाव आणि मालमत्तेचा आकडा एवढंच दिसलं, कारण मला तेवढंच बघायचं होतं. एकटा माणूस गाडीवरून उठतो आणि वर जातो. ही गोष्ट मला आवडायची, कारण ती माझीही होती. फरक एवढाच, की मी वर जाताना गाडी लपवली. पप्पांना पहाटे बटाटे सोलून देणारी मम्मी, फीला कमी पडले तेव्हा उसने देणारे शेजारचे चहावाले काका, माझ्या मागची ही माणसं कुठल्याच रकान्यात आली नाहीत.

नोव्हेंबर 2024 मध्ये निकोले डहाणूतून पुन्हा निवडून आले. त्याच सुमारास मी होम लोनचा अर्ज भरत होतो, सहअर्जदार पप्पा. व्यवसायाच्या रकान्यापाशी माझं बोट थांबलं.

पप्पांनी चष्म्यातून स्क्रीनकडे पाहिलं. "काय झालं? लिही की. वडापाव."

लिहिलं. 'वडापावची गाडी, हडपसर. 22 वर्षं.'

"तेवीस," पप्पा म्हणाले.