‘ऑस्पिशस’ : एका शब्दाचा शकुन

शब्दाचा अर्थ ठाऊक असणे आणि तो शब्द वाक्यात योजता येणे यांत बरेच अंतर आहे. मोरगावात इंग्रजी शिकवताना ‘ऑस्पिशस’ या शब्दाच्या निमित्ताने हे अंतर आम्हांला वारंवार जाणवत आले. कोशात ‘शुभ’, ‘मंगल’ असे प्रतिशब्द मिळतात आणि मुले लिहून मोकळी होतात : ‘मोरगाव इज अ‍ॅन ऑस्पिशस प्लेस.’ व्याकरण निर्दोष. तरीही वाक्य कुठेतरी खटकते.

याचे कारण शब्दाच्या व्युत्पत्तीत आहे. लॅटिनमध्ये ‘आविस’ म्हणजे पक्षी आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. कार्यारंभी पक्ष्यांच्या हालचाली पाहून देवांचा कौल सांगणारा तो ‘औस्पेक्स’. त्यामुळे इंग्रजीत हा शब्द प्रारंभाला, घटिकेला, चिन्हाला लागतो. पुढे चांगले घडेल अशी आशा त्यात असते. स्थळाच्या पावित्र्यासाठी ‘सेक्रेड’ हा निराळा शब्द आहे. आपल्या ‘मंगल’मध्ये मात्र आशा आणि पावित्र्य दोन्ही एकत्र नांदतात. मुलांच्या वाक्यात शब्द इंग्रजी असतो, पण बोलत असतो तो ‘मंगल’.

भारतीय इंग्रजीत असा वापर रूढ आहे, लग्नपत्रिका त्याची साक्ष देतात, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. म्हणून नुसती लाल रेघ मारणे आम्हांला अन्यायाचे वाटते. परंतु मूळ छटा मुलांपर्यंत न पोचवणे हाही अन्यायच.

ती पोचवण्यासाठी रोमपर्यंत जावे लागत नाही. संस्कृतात ‘शकुन’ म्हणजे पक्षी, आणि भावी शुभाशुभाचे चिन्हही. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार, असे आपल्याकडे आजही म्हणतात. मोरगावचे तर नावच पक्ष्याचे. मोरावर आरूढ होऊन सिंधुासुराला मारणारा मयूरेश्वर हे इथले दैवत. कऱ्हाकाठच्या मुलाला हा लॅटिन शब्द परका वाटण्याचे कारण नाही.

शिवाय अष्टविनायक यात्रेचा आरंभ परंपरेने येथूनच होतो. तेव्हा विशेषणाची जागा तेवढी बदलावी : ‘द व्हिजिट टु मोरगाव इज अ‍ॅन ऑस्पिशस बिगिनिंग टु द पिल्ग्रिमेज.’ आम्ही मुलांना एवढेच विचारायला सांगतो : यापुढे काय चांगले घडायचे आहे? त्याचे उत्तर वाक्यात सापडले, तर शब्द योग्य जागी बसला असे समजावे.