दाताच्या खुर्चीतलं बीपी

बोदलकसा. १९१७ साली बांधलेल्या तलावाचं गाव, नागझिऱ्याच्या जंगलाजवळ. दाढ फारच ठणकली तर माणूस तिरोड्याला जातो, मोठं काम निघालं तर गोंदियाला. धानाची रोवणी सुरू असेल तर तेही नाही. लवंग दाबायची आणि मेडिकलमधल्या गोळीवर दिवस काढायचे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या या गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी वाढू शकतं, बीपीच्या काही औषधांचा जोरही कमी होतो.

·

दाताच्या डॉक्टरांनी बीपी मोजायला घेतलं की पेशंट विचारतो, "दात दुखून रायला जी, बीपी कायले पायता?" हा प्रश्न रास्तच आहे. उत्तर असं की, वाढलेलं बीपी सहसा दुखत नाही. चाळिशीतला धडधाकट गडी त्यासाठी दवाखान्याची पायरी चढत नाही. दाढेसाठी मात्र चढावीच लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरील दर १०० पुरुषांत २४ आणि बायकांत २१ जणांचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यावर गोळ्या सुरू होत्या. त्यांतले काहीजण तरी आधी दाताच्या डॉक्टरांसमोरच बसत असतील. ही संधी वाया जाऊ देणं मला पटत नाही.

·

खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकमध्ये घोटलेला. तोंड उघडेनासं झालं की दाताचे डॉक्टर खर्‍याबद्दल विचारतातच. निकोटिनने नाडी आणि बीपीही काही वेळ चढतं, हे त्याच बोलण्यात सांगता येईल.

·

मोजायचं कसं, यावर सगळं आहे. आल्या आल्या पट्टा गुंडाळला तर आकडा फसवा येतो. अर्धा तास आधी चहा नको, खर्रा नको. लघवी करून यावं. खुर्ची आडवी नको, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, पाच मिनिटं गप्प. जाड दंडाला मोठा पट्टा. मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा. तरीही ठणका आणि इंजेक्शनची धास्ती आकडा वाढवतातच, म्हणून १४०/९० च्या वर गेलं की लगेच रोग ठरवायचा नाही. आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि ठणका थांबल्यावर उपकेंद्रात पुन्हा मोजायला सांगायचं. नुसतं तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत विसरतं.

·

१८०/११० किंवा त्याहून जास्त असेल तर घाई नसलेलं दात काढणं पुढे ढकलतात. सोबत छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोलणं अडखळत असेल, तर दात राहू द्यावा, तडक रुग्णालय गाठावं. बधिर करायच्या इंजेक्शनात बहुधा थोडं अ‍ॅड्रेनॅलिन असतं. त्याने बधिरपणा टिकतो, रक्त कमी जातं. बीपीवाल्यांना ते मोजून देतात. पण भूल नीट न लागता दात ओढला, तर वेदनेने शरीर स्वतःच अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं.

·

अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची सर्रास दिली जाणारी गोळी. काहींच्या हिरड्या तिने फुगतात. ते आधी दाताच्या डॉक्टरांच्या नजरेत येतं. गोळी परस्पर बंद करायची नाही. बदलायची की नाही ते बीपीचे डॉक्टर ठरवतील.

·

शेजारचा भंडारा, १९९९ पर्यंत गोंदियासकट एकच जिल्हा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात राज्यातल्या पहिल्या जिल्ह्यांत तो होता. ठरलेली औषधं, ती गावाजवळ मिळणं, पेशंट परत आला का याची नोंद, एवढ्यावर हा उपक्रम उभा आहे. दाताच्या दवाखान्यातली चिठ्ठी या नोंदीला जोडली गेली पाहिजे. बीपी मोजायचं डिजिटल मशीन काही फार महाग नाही.

·

तिरोड्याला दात दाखवायला निघालात तर त्या दिवशीची बीपीची गोळी चुकवू नका. सुरू असलेल्या गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. आणि इंजेक्शनच्या आधी स्वतःहून म्हणा, डॉक्टरसाहेब, एकदा बीपी पाहा.