कागद पदरचा आणू नका

प्रिय बाई,

तुम्ही नव्या केंद्रावर हजर झाल्याचं मुख्याध्यापकांकडून कळलं. विशेष शिक्षिका म्हणून इतकी वर्षं मानधनावर काढून शेवटी कायम झालात, तेही आपला तालुका सोडून. पेढे वाटावेत की तुमच्याशी भांडावं? दोन्ही करते आहे.

आधी भांडण. गटसाधन केंद्रातून स्कूटीवर निघायचात आणि किती गावं पालथी घालायचात? कुठे ऐकू न येणारं लेकरू, कुठे अंथरुणाला खिळलेला मुलगा, त्याला घरी जाऊन शिकवायचं. आणि आमची लेक, जिला दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला अशा १० मुलांमागे १ विशेष शिक्षक हवा, वरच्या वर्गांना १५ मुलांमागे १. तुमच्याकडे किती मुलं होती? मी विचारलं की हसून विषय बदलायचात. मानधन रखडलेलं असायचं, तरी ब्रेलचा जाड कागद संपला की पदरचे पैसे घालून आणायचात, आणि आम्हाला कळूही द्यायचा नाहीत. का, बाई? आम्हाला हक्क शिकवायचे आणि स्वतः गप्प बसायचं? तुम्ही तापाने पडलात की त्या आठवड्यात आमच्या पोरीचं शिकणंच थांबायचं. एका माणसाच्या चांगुलपणावर किती मुलांनी विसंबायचं?

रागावू नका. तुमच्याशिवाय हे कुणाला म्हणणार?

आठवतं, आमच्या ओट्यावर बसला होतात? सगळे म्हणत होते, हिला लांब अंधशाळेत ठेवा. तुम्ही म्हणालात, दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे. जवळच्या शाळेत घाला नाहीतर विशेष शाळेत, निवड तुमची. आमची निवड! तोवर आम्हाला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मग ती ब्रेलची पाटी. कागद अडकवून तिच्या मुठीत टोचणी दिलीत. उजवीकडून डावीकडे टोचत जायचं. कागद उलटला की टिंबं वर येतात, मग डावीकडून वाचायचं. मी गोंधळले, ती नाही. ‘अ’ म्हणजे एकच टिंब, डावीकडचं सगळ्यात वरचं. ते तुम्ही अख्ख्या वर्गाला डोळे मिटून चाचपायला लावलंत. त्यानंतर मधल्या सुट्टीत तिला नळावर कोण नेईल याची काळजी मला कधी करावी लागली नाही. गुरुजींनाही सांगितलंत, फळ्यावर जे लिहाल ते मोठ्याने बोला. त्याने मागच्या बाकावरच्या पोरांचंही भलं झालं.

आणि तो भत्ता! दिव्यांग मुलींना महिन्याला ₹२००, वर्षातले १० महिने. मी म्हटलं, दोनशेनं काय होतंय? केवढ्या चिडलात! “आज भत्ता सोडाल, उद्या पुस्तक सोडाल,” म्हणालात. ते वाक्य मी धरून ठेवलं आहे.

म्हणूनच आता विचारते. २०२४ मध्ये शासनाने विशेष शिक्षकांची ४८६० पदं मंजूर केली, त्यातल्या एकावर तुम्ही गेलात, आनंद आहे. मग आपल्या केंद्रावर कोण? ब्रेलच्या सहा टिंबांतलं गणित आता हिला कोण समजावणार? दहावीला लेखनिक हवा, तासाला किमान २० मिनिटं जादा हवीत. त्यासाठी लागणारे कागद मी आठवीपासूनच जमवते आहे.

परवा तालुक्याला जाऊन अर्ज दिला: आमच्या केंद्राला विशेष शिक्षक द्या. “ठेवून जा, बघू,” असं उत्तर आलं. मी हलले नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच उठले. सोबत दुसऱ्या दोन गावांतल्या आयाही होत्या. एकीच्या मुलाला चालता येत नाही, दुसरीच्या मुलीला ऐकू येत नाही. त्या दोघींना तुम्ही ओळखताच, त्यांना एकमेकींची ओळख आता झाली. पुढच्या महिन्यात उत्तर आलं नाही तर पुन्हा जाणार आहोत, तिघीही.

तुमच्या नव्या गावातल्या आयांना पहिल्याच भेटीत अर्ज लिहायला शिकवा, ब्रेल नंतर. आणि बाई, एक माझंही ऐका. तिथे कागद पदरचा आणू नका. मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.

तुमची,
लेकीची आई