वेगाचा आकडा

डोंबिवलीकराला धक्क्यांचं काय अप्रूप! सकाळची फास्ट लोकल पकडणारा माणूस धक्के खातच मोठा होतो. पण गेल्या जूनमध्ये ताईकडून, नागपूरहून परतताना विमानात जे धक्के बसले, त्यांनी माझा हा सगळा तोरा उतरवला.

आईचा आणि माझा विमानाचा तो पहिलाच प्रवास. मुंबई जवळ आली, विमान खाली उतरू लागलं आणि सह्याद्रीवरच्या पावसाळी ढगांत शिरलं. पट्टे बांधण्याची सूचना होते न होते तोच पोटात खड्डा पडला. त्यातच इंजिनांचा आवाज बारीक झाला. "अगं, इंजिन बंद पडलं की काय?" आईने माझा हात घट्ट धरला. तिची रामरक्षा सुरू झाली; मला तर तीही आठवेना. अखेर ढग विरले, ठाण्याची खाडी दिसली आणि जीव भांड्यात पडला.

आमच्या शेजारचे काका विमानांच्या देखभालीच्या कामातून निवृत्त झालेले. त्यांना हे सांगितलं तर ते हसले. "अगं, उतरताना इंजिनं मंदच ठेवतात. बंद नाही पडली!"

मग त्यांनी समजावलं. खवळलेल्या हवेत वेग फार असेल तर प्रत्येक झोताचा तडाखा विमानाच्या सांगाड्याला जास्त बसतो. फार कमी असेल तर पंखांवरचा हवेचा आधारच सुटू शकतो. म्हणून मधला एक वेग ठरलेला असतो. बोइंग ७३७ ला उंचावर तो साधारण २८० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५२० किलोमीटर. उतरताना नाक खाली असल्याने वेग आपोआप वाढू पाहतो. म्हणून ढगात शिरण्याआधीच तो आवरायचा.

"आणि आत शिरल्यावर?" मी विचारलं.

"तेव्हा वेगाचा आकडा सारखा नाचतो. त्याच्यामागे धावायचं नाही. आकडा उतरला म्हणून जोर वाढवावा, तर पुढच्याच झोताने तो भलताच चढतो. नाक स्थिर ठेवायचं, जोर फारसा बदलायचा नाही, थोडं वरखाली होऊ द्यायचं."

१ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला जाणारं विमान उतरताना अशाच वादळी हवेत सापडलं होतं. आतले अनेकजण जखमी झाले, पण विमान सुखरूप उतरलं. "म्हणून पट्टा सैल सोडू नये," काका म्हणाले.

त्या रात्री मला माझीच दोन वर्षं आठवली. अकरावीला विज्ञान घेतलं. एका चाचणीत गुण घसरले, की क्लास बदलायचा. दुसरीत वाढले, की नवं स्वप्न रंगवायचं. बारावीला आपटले, तेव्हा घरात आठवडाभर कोणी धड जेवलं नाही. कला शाखेत आले ती खाली मान घालून. पण इथे मन रमलं.

यंदा पहिल्या सत्रात इतिहासात गुण कमी पडले. आईने भीतभीतच विचारलं, "आता गं?"

"काही नाही आई," मी म्हटलं, "थोडं वरखाली व्हायचंच." आणि पुस्तक उघडलं.